सॅकमधला वरवंटा

"धर्मा, लिहून घे. शिर्डीपर्यंत माझ्या पायाला एक फोड जरी आला ना, तर तू म्हणशील ते करीन."

चिंतामणी साहेब हे बोलले तेव्हा आम्ही बिल्डिंगच्या गेटवर बाकड्यावर बसून उकडलेल्या शेंगा खात होतो. मी तोंडातली शेंग बाहेर काढली. असा चान्स रोज येत नाही.

"काहीपण?"

"काहीपण."

"मग ऐका. पदयात्रेला आपण बावीस जण. परत आलो की बावीस जणांचे मोजे, न धुतलेले, दोरीत ओवायचे. हरणाऱ्याने ती माळ गळ्यात घालायची आणि भंडाऱ्याच्या दिवशी गेटपासून भाजी मार्केटपर्यंत जायचं. हात जोडत. नगरसेवकाला उभं राहिल्यासारखं."

रामभाऊ एवढा हसला की त्याला ठसका लागला. रामभाऊ म्हणजे आमच्या मंडळाचा टेम्पोवाला. पदयात्रेत गॅस, पातेली, तांदूळ आणि दमलेली माणसं त्याच्या टेम्पोत असतात.

"आणि फोड नाही आला तर माळ तुझ्या गळ्यात," साहेब म्हणाले.

"मंजूर. पण सामान स्वतःच्या पाठीवर. टेम्पोत एक रुमालपण टाकायचा नाही."

"मी कधी टाकतो?" साहेबांनी शेंगांची टरफलं गोळा करून कागदात बांधली. ते टरफलंसुद्धा घडी घालून टाकतात.

साहेब आमच्या समोरच्या दारात राहतात. बदलापूरला कात्रपमध्ये, दुसरा माळा. आनंदनगर एमआयडीसीत ज्या कंपनीत मी फिटर आहे, तिथेच ते क्वालिटीला ऑफिसर होते. वीस वर्षं माझ्या जॉबवर लाल खडूने फुल्या मारल्या या माणसाने. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. जिन्यात भेटले तरी माझ्या चपलेकडे बघून म्हणतात, "टाच एका बाजूने झिजलीय. चाल वाकडी आहे तुझी."

आणि मी कोण? रामभाऊच्या टेम्पोचा हॉर्न ब्रेकच्या वायरला जोडणारा. तो ब्रेक मारेल तिथे पों! चार दिवस त्याला कळलं नव्हतं, आख्ख्या स्टेशन रोडने शिव्या घातल्या त्याला. आमची जनी म्हणते, "तुमचं नाव धर्मराज ठेवणारा माणूस मला एकदा भेटू दे."

पैज लागली त्या दिवसापासून साहेबांनी बिल्डिंगला शाळाच लावली. निघायच्या आधी पंधरा दिवस रोज संध्याकाळी बाकड्यावर लेक्चर. कोणी नवे बूट घेऊन आला की त्याला परत पाठवायचे. "नवे बूट लग्नाला घाल. चालायला तीन महिने वापरलेले. आणि दोन जोड, म्हणजे एक दाबतो तिथे दुसरा दाबत नाही." आतून पातळ मोजा, वरून जाड. दुपारी जेवायला थांबलो की मोजे बदलायचे, ओले सॅकच्या बाहेर पिन लावून वाळवायचे. टाचेला, तळव्याला सकाळी व्हॅसलीन. पण बोटांच्या बेचक्यात नाही, तिथे पावडर, नाहीतर कुजतं. नखं चार दिवस आधी कापायची, सरळ. मांड्या घासतात त्यांनी आतून टाइट चड्डी घालायची, यात लाजायचं काही नाही. फोड आलाच तर सुईदोरा आरपार घालायचा नाही, जो पदयात्रेतला प्रत्येक शहाणा घालतो.

"आणि सॅकचं वजन आपल्या वजनाचा दहावा हिस्सा. मी सत्तर किलो. सॅक सात. सात म्हणजे सात."

सॅक त्यांनी उल्हासनगरला कॅम्प तीनमधून शिवून घेतली होती, जीन्सच्या कारखान्यात उरलेल्या कापडाची. शिवणारा सिंधी म्हणाला होता, "साईं, आप फट जाओगे, थैली नहीं फटेगी." साहेब ते कौतुकाने सगळ्यांना सांगत.

आम्ही मागून नक्कल करून हसायचो. साहेबांना शुगर आहे हे मला माहीत होतं. पण शुगर आता कोणाला नाही? त्यांच्या सॅकमध्ये एक छोटा आरसा होता, रोज संध्याकाळी तळवे बघायला. मी त्याला म्हणायचो, "साहेब, पायाला लिपस्टिकपण लावा." त्यांच्या वडिलांचा पाय गुडघ्याखालून शुगरने गेला होता, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी थांबलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. खरं काय ते माहीत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर सॅक हातकाट्याला टांगली. सात किलोला वीस ग्रॅम कमी. टाळ्या. सॅक पॅसेजमध्ये ठेवली आणि ते पाय धुवायला गेले. मी वाटी परत करायच्या निमित्ताने त्यांच्या किचनमध्ये. वृंदावहिनी मागच्या बाल्कनीत कपडे काढत होत्या. त्या साहेबांशी चार दिवस बोलत नव्हत्या. "या पायांनी दोनशे किलोमीटर? जायचं तर जा, मी एक चड्डीसुद्धा भरून देणार नाही," असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या.

ओट्याखाली पाटा-वरवंटा. मिक्सर आल्यापासून झोपलेला. वरवंटा बघितला आणि माझ्या डोक्यात बल्ब पेटला. शेजारीच पुसायला ठेवलेला जुन्या साडीचा तुकडा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. आवाज होऊ नये म्हणून त्यात वरवंटा गुंडाळला, बाहेर येऊन सॅकच्या तळाला, चादरीखाली सारला. चेन लावली. पाच मिनिटांत मी आमच्या घरी, तोंडावर उशी दाबून हसतोय.

"काय केलंत?" जनी म्हणाली.

"काही नाही."

"म्हणजे केलंत."

माझा प्लॅन साधा होता. जांभूळला पहिला चहा, तिथे साहेब सॅक उघडणार, वरवंटा निघणार, बावीस जण लोळणार. साहेब मला दोन शिव्या देणार. वरवंटा टेम्पोत. खल्लास.

सकाळी पालखी निघाली. साहेब दोनतीनदा खांदे उचलून म्हणाले, "रात्रीत म्हातारा झालो की काय मी." जांभूळला चहा आला. साहेबांनी घाम पुसायला सॅक उघडली, टॉवेल काढताना हात तळाला गेला. मी रामभाऊला कोपर मारलं. बघ आता.

साहेबांनी ते गाठोडं अर्धं बाहेर काढलं. कापड थोडं बाजूला केलं. बघितलं. मग इकडेतिकडे बघून कापड परत नीट झाकलं, दोन्ही हातांनी, तान्ह्याचं दुपटं सारखं करावं तसं. आणि डोळे मिटून त्यावर डोकं टेकवलं.

माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

"काय होतं रे ते?" रामभाऊ म्हणाला.

"काय माहीत," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा जोक माझा होता आणि मलाच कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शहापूरच्या अलीकडे साहेबांनी हातकाटा काढला. एका टपरीशेजारच्या झाडाला सॅक टांगली. काटा जवळजवळ दहावर. मग त्यांनी सॅकमधून एकेक गोष्ट बाहेर काढायला सुरुवात केली. दुसरा बुटांचा जोड. मोज्यांचे चार जोड. टॉवेल. पावडरचा डबा. एक पाण्याची बाटली.

"साहेब, हे काय?"

"दहावा हिस्सा. वजन वाढलंय."

"मग जे वाढलंय ते काढा ना!"

"ते काढायचं नाही."

"मग हे टेम्पोत ठेवा."

"पैज आहे, धर्मा. टेम्पोत रुमालपण नाही. तूच म्हणालास."

बूट आणि मोजे त्यांनी टपरीवर भांडी घासणाऱ्या माणसाला दिले. तो खूश. बाकीचं टपरीवाल्या बाईला. सॅक परत टांगली, सात किलो. साहेबांच्या चेहऱ्यावर हिशोब जुळल्याचं समाधान.

कसारा घाटात त्यांनी सांगितलं. आम्ही दोघंच मागे राहिलो होतो, बाकीची पालखी वरच्या वळणावर, भजनाचा आवाज वरून येत होता.

"नवस बोलून दाखवू नये म्हणतात," साहेब म्हणाले. "पण एकट्याच्याने राहवत नाही. अनुयाचं माहितीय ना तुला?"

अनुया त्यांची मुलगी. पुण्याला असते. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, एवढं बिल्डिंगला माहीत होतं.

"मी तिच्यासाठी चाललोय. वृंदाला सांगितलं नाही. तिला वाटतं मी मिरवायला चाललोय. चार दिवस तोंड फिरवून होती. आणि बघ, तिनं ओळखलं. न बोलता सॅकमध्ये वरवंटा ठेवला. तिच्या साडीत गुंडाळून." ते थांबले. दम लागला होता की दुसरं काही, मी बघितलं नाही. "बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात ना? तसा. म्हणजे, याला बाबांच्या पायाशी घालून आणा, मग आपल्या घरात पाळणा हलेल. मी फोनवर विचारलं नाही. विचारलं की गेलं."

घाटात ट्रक चालले होते. मला वाटलं एखादा ट्रक माझ्या अंगावरून जावा.

बोल धर्मा, मी मनात म्हणालो. आत्ता बोल. काय बोलणार होतो? की तुमच्या बायकोने नाही ठेवला, मी ठेवला, हसायला? ती अजून तुमच्यावर रागावलेलीच आहे?

"साहेब, द्या सॅक. थोडा वेळ मी घेतो."

"नाही रे. हे माझं मलाच न्यायचं."

तिथून पुढे मी त्यांच्या मागेच चाललो. त्यांच्या बुटांकडे बघत. इगतपुरीला ते डाव्या पायावर हलकं टेकत होते. घोटीला दुपारी मोजे बदलायची वेळ आली, तर बदलायला मोजेच नव्हते. तोच ओला काढून, पिळून, परत घातला. मी माझे मोजे पुढे केले.

"तुझा पाय नऊ नंबर. ढगळ मोजा घडी घालतो, घडीने फोड येतो. लेक्चरला काय झोपला होतास?"

"मला पाय बघू द्या."

"काही नाही पायाला." आरसा त्यांनी त्या संध्याकाळी काढलाच नाही. मला कळलं. पैज होती ना. आणि शुगरवाल्याला दुखत नाही. दुखत नाही म्हणून तो चालतो.

सिन्नरच्या अलीकडे ते रस्त्याच्या कडेला बसले आणि उठेनात. मी न विचारता बूट ओढून काढला. मोजा चिकटला होता. करंगळीच्या बाजूला फोड फुटून काळंनिळं झालं होतं, वास येत होता, पाय घोट्यापर्यंत सुजलेला. सिन्नरच्या डॉक्टरने बघून एवढंच विचारलं, "शुगर असून बुटांचा एकच जोड, मोज्यांचा एकच जोड?" आणि म्हणाला, घरी न्या, मोठ्या दवाखान्यात टाका, आजच. बोट वाचेल की नाही सांगता येत नाही. उशीर केला तर पायाचंही सांगता येणार नाही.

रामभाऊच्या टेम्पोत पातेल्यांच्या मध्ये गादी घातली. साहेबांनी सॅकमधून ते गाठोडं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"धर्मा, एवढं पोचव. मस्करी करू नकोस याच्याशी."

"नाही करणार," मी म्हणालो.

शेवटचे साठ किलोमीटर वरवंटा माझ्या पाठीवर होता. मी तीन मण उचलणारा माणूस. पण तो दगड पहिल्या पाच किलोमीटरमध्ये माझ्या मणक्यात घुसला. मी कुठेही तो खाली ठेवला नाही. जेवतानाही मांडीवर. पदयात्रेतले हसत होते. "धर्मा, आता काय नवीन?" ज्याच्या त्याच्या मनात एकच, धर्माचं काहीतरी चाललंय, शेवटी फुटेल.

शिर्डीला गेटवरच्या माणसाने विचारलं, "हे काय?"

"वरवंटा."

"मसाला वाटायचा?"

"हो."

"आत नाही नेता येणार, मामा."

मी बाहेर उभा राहिलो. समोर कळस दिसत होता. दोन्ही हातांनी वरवंटा छातीशी धरला आणि म्हणालो, बाबा, ठेवणारा खोटा होता. नेणारा खरा होता. त्याच्याकडे बघून काय ते कर. आणि त्याचं बोट.

बोट गेलं. डाव्या पायाची करंगळी. मी बदलापूरला उतरलो तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. पाय वाचला.

मी सरळ वृंदावहिनींच्या दारात. गाठोडं बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे हा तुमच्याकडे होता. मी चटणीला शोधत होते. लाइट गेली होती तेव्हा." मग कापड बघितलं. "माझ्या साडीचा तुकडा. कोणी नेला हा?"

मी सांगितलं. सगळं. किचनमध्ये शिरल्यापासून सिन्नरपर्यंत. कसाऱ्यातलं बोलणं सांगताना त्या हळूच खुर्चीवर बसल्या.

"ते अनुयासाठी चालले होते?"

"हो, वहिनी."

"मला एका शब्दाने बोलले असते," त्या म्हणाल्या, "तर मी खरंच ठेवला असता. आणि मग दुसरे बूट मीच टेम्पोत टाकले असते, पैज गेली खड्ड्यात." त्यांनी वरवंटा परत साडीच्या तुकड्यात गुंडाळला. "त्यांना सांगा."

"वहिनी, त्यांना वाटतंय की तुम्ही… ते मोडेल."

"मोडू दे. माझ्या नावावर तुमची मस्करी नको. आमचं काय ते आम्ही बघू. पण सांगा तुम्ही. आणि दवाखान्यात एकट्याला गाठून नाही. जसे सगळ्यांसमोर हसता, तसं सगळ्यांसमोर."

भंडारा सतरा दिवसांनी झाला, साहेबांना घरी सोडल्यावर. गेटवर मांडव, डाळ-भात, शिरा, दोनशे माणूस. रामभाऊने माळ तयार ठेवली होती, बावीस जणांचे मोजे सुतळीत ओवलेले. वास असा की मांडवातली कुत्री उठून गेली.

साहेब वॉकर धरून जिना उतरले. एकेक पायरी. डावा पाय पांढऱ्या बँडेजमध्ये. खाली येऊन वॉकर टेकवला आणि म्हणाले, "आण रामभाऊ. फोड आला, मी हरलो. मार्केटपर्यंत चालता येणार नाही, रिक्षातून फिरवा. पण माळ घालणार."

लोक शिट्ट्या मारायला लागले. रामभाऊ माळ घेऊन पुढे झाला. मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

"साहेब हरले नाहीत," मी म्हणालो. "वरवंटा मी ठेवला होता. सॅकमध्ये. आदल्या संध्याकाळी, तुम्ही पाय धुवायला गेलात तेव्हा. वहिनींनी नाही."

दोघंतिघं हसले. मला वाटतं त्यांना वाटलं, आता पुढे पंचलाइन येणार. जनी शिऱ्याचं पातेलं धरून उभी होती. तिने झाकण टाकलं, त्या आवाजाने सगळे गप्प झाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली, नाही म्हणून. बस एवढंच. मग त्यांनी वॉकरच्या दांडीवर अंगठा घासला.

"वजन किती होतं?" त्यांनी विचारलं.

"मी… मोजलं नव्हतं."

"दोन किलो सातशे ऐंशी." आता त्यांनी मान वर केली. "वीस वर्षं तुझे जॉब तपासले मी, धर्मा. इतका वाईट जॉब तू आधी कधी केला नव्हतास."

"हो, साहेब."

"मला राग आहे. हा जाणार नाही लवकर."

"नको जाऊ दे."

मी माळ गळ्यात घातली. चपला काढून बाजूला ठेवल्या. दुपारचं ऊन होतं, डांबर तापलेलं. वृंदावहिनी आत जाऊन आल्या आणि त्यांनी काही न बोलता वरवंटा माझ्या हातात ठेवला, त्याच साडीच्या तुकड्यात. मी निघालो. चार पावलं गेलो असेन.

"ए गाढवा," साहेब मागून ओरडले. "चपला घाल. पायांचं झालं तेवढं बास."

मी परत आलो, त्यांच्यासमोर वाकून चपला घातल्या. त्यांचं बँडेज माझ्या नाकासमोर होतं. करंगळीच्या जागी पायाचा आकार जरा बारीक दिसत होता. वर बघायची हिंमत झाली नाही.

मार्केटपर्यंत बारा मिनिटांचा रस्ता आहे. गळ्यात चव्वेचाळीस मोजे, हातात तान्ह्यासारखा धरलेला दगड. हात जोडायचे ठरलं होतं, पण हात मोकळे नव्हते. मागून आख्खी बिल्डिंग, शिट्ट्या, मोबाइल वर. रिक्षावाले हॉर्न मारत होते. दुसरा कुठला दिवस असता तर मी नाचलो असतो.

मार्केटच्या तोंडाशी सुंदराबाई बसते, मेथीवाली. माझ्या सगळ्या भानगडी तिला पाठ. तिने पदर नाकाला लावला आणि मला बघून आधीच हसायला लागली.

"काय रे धर्मा, आता कुणाला फसवलंस?"

"चिंतामणी साहेबांना, मावशी. माझ्या मस्तीत त्यांचं बोट गेलं. पायाचं."

सुंदराबाई मेथीच्या जुडीवर हात आपटून खदखदून हसली. "तुझं आपलं काहीतरी!"

"खरं सांगतोय, मावशी," मी म्हणालो.

ती हसतच होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, वरवंटा मांडीवर घेतला, आणि पहिल्यापासून परत सांगायला लागलो.